तोंडावरचे पाणी

'तोंडचे पाणी पळणे' हा वाक्प्रचार शाळेत आम्ही 'घाबरणे' या अर्थाने पाठ केला. परंतु त्याचा शब्दशः अर्थ ज्याला अनुभवायचा असेल त्याने मे महिन्यात भर दुपारी तुमसर, मोहाडी किंवा पवनीच्या रस्त्यावर अर्धा तास उभे राहावे. पारा पंचेचाळिसाच्या घरात, हवेतील ओलावा जेमतेम वीस टक्क्यांच्या आसपास, आणि वारा असा की जणू भट्टीच्या तोंडाशीच उभे आहोत. ओठ ताणतात, गाल ताठरतात, हसू म्हटले तरी कातडी ओढली जाते. पाणी खरोखरीच पळालेले असते!

हे पळालेले पाणी परत आणून देण्याचे आश्वासन देणारी एक वस्तू अलीकडे महाविद्यालयीन मुलींच्या पर्समध्ये दिसू लागली आहे. तिला 'फेस मिस्ट' म्हणतात. लहानशी बाटली, वर दाबायची कळ, आणि दाबताच तोंडावर धुक्यासारखे तुषार. बाटलीवर काकडीचे, कोरफडीचे नाहीतर गुलाबाचे चित्र. या वस्तूविषयी आमच्या वर्गात सरळ दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, हिच्यावाचून त्वचा निरोगी राहणेच शक्य नाही. दुसरा म्हणतो, हे सारे शहरी नखरे आहेत. शेतकऱ्याच्या मुलीला तोंड धुवायला विहिरीचे पाणी पुरते. मला या दोन्ही तटांशी भांडायचे आहे. पहिल्याशी थोडे, दुसऱ्याशी अधिक.

तोंडावर सुगंधी तुषार उडवणे ही काही इंग्रजी नाव घेऊन परवा आलेली कल्पना नव्हे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, लग्नसमारंभात, गाण्याच्या बैठकीत पाहुण्याला अत्तरगुलाब देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी. गुलाबदाणीचे तोंड कधी निरखून पाहा, चाळणीसारखी बारीक छिद्रे असतात. आजच्या बाटलीची कळ जे काम अधिक सफाईने करते, तेच हे. उत्तर प्रदेशातील कनौज येथे तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून, झाकणाची फट मातीने लिंपून, बांबूच्या नळीवाटे वाफ थंड पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरवण्याची रीत अजून चालू आहे. फुलांच्या वाफेचे असे झालेले पाणी म्हणजे खरे गुलाबपाणी. बाजारात त्याच नावाने साध्या पाण्यात अत्तरी वास घालूनही विकतात, तो भाग वेगळा.

मात्र एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. ही गुलाबदाणी मांडवातल्या पाहुण्यांपुढे फिरत असे. मागे सांदवाडीत चुलीपुढे बसून शंभर पानांचा स्वयंपाक रांधणाऱ्या बायांच्या तोंडावर ती कोणी कधी उडवली असेल काय? ज्या तोंडांना सर्वांत अधिक झळ लागत होती, त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नसावी. या विषयावर लिहावेसे वाटले ते या एका प्रश्नामुळे.

माझी आई उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. पहाटे अंधारातच निघायचे, ऊन चढेपर्यंत जंगलात पाने तोडायची, गाठोडे डोक्यावर घेऊन घरी यायचे, मग दुपारभर छपरीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते संकलन केंद्रावर पोचवायचे. पुढे पाऊस लागला की रोवणी. दिवसभर बांधीत वाकलेले, वरून ऊन आणि खालच्या पाण्यावरून उलटून तोंडावर येणारी त्याची तिरीप. दिवाळीनंतर कापणी, चुरणा, धानाच्या तुसाने खाजणारे अंग. आईचे वय एक्केचाळीस आहे. परक्या गावी आम्ही दोघी गेलो की लोक तिला माझी आजी समजतात.

मी एकदा तिला म्हटले, तोंडाला काही लावत जा. ती म्हणाली, "उन्हात जानाऱ्या बाईले कायचा चेहरा वं? चेहरा तुमाले पायजे, कालेजात जाता तं." तिने हे दुःखाने म्हटले नाही, पाने बांधता बांधता सहज म्हटले. म्हणूनच ते मला अधिक लागले. आमच्या घरात पदवीच्या वर्गापर्यंत आलेली मी पहिलीच. पण म्हणून पुस्तकाबरोबर चेहराही मलाच मिळायचा, हा कोणता न्याय?

बैलाच्या मानेला जू घासले तर आमचे बाबा हळद-तेल लावतात. त्याला गावात कोणी नखरा म्हणत नाही. न लावले तर उलट लोक नावे ठेवतात. बाईच्या भेगाळलेल्या गालाला मात्र तेल लावले की ती नटली असे होते! त्वचा हे शरीराचे एक इंद्रिय आहे. ती फुटली की आग होते, खाज येते, भेगांतून जंतू शिरतात. तिच्या निगेचा आणि दिसण्याचा संबंध आहे, नाही असे नाही, परंतु तो दुसरा.

हे दोन संबंध एकमेकांत गुंतवण्याचे पाप प्रसाधनांच्या धंद्याकडेही जाते. १९१९ साली मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणला. 'स्नो' हे नावच बोलके नाही काय? पुढे १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली आणि २०२० साली तिच्या नावातले 'फेअर' गाळून 'ग्लो' घालण्यात आले. मधली पंचेचाळीस वर्षे आमच्या मायबहिणींनी एकच गोष्ट ऐकली, की चेहऱ्याची काळजी म्हणजे गोरे होणे. जिला उन्हातच राबायचे आहे ती गोरी होण्याची आशा कशाला करील? तिने तो विषयच सोडून दिला, आणि गोरेपणाबरोबर मलमसुद्धा सोडून दिले. त्या मानाने मिस्ट ही वस्तू मला बरी वाटते. ती निदान ओलाव्याचे नाव घेते.

आता तोंडावर पाणी फवारले म्हणजे नेमके काय घडते ते पाहू. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने, आणि वाळ्याच्या ताटीतून येणारा वाराही त्याच कारणाने गार लागतो. तेव्हा तुषार उडवताच गारवा वाटतो तो खोटा नव्हे. पण गारवा वेगळा आणि ओलावा वेगळा. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा असतो. त्यात निर्जीव पेशी विटांसारख्या रचलेल्या असून मधल्या सांध्यांत स्निग्ध द्रव्यांचा गारा भरलेला असतो. हा गारा शाबूत असेल तोवर आतली ओल टिकते. कपड्यांच्या साबणानेच तोंड धुण्याची सवय आपल्या गावांत अनेकांना आहे. त्याने हा गारा धुऊन जातो. मग नुसते पाणी कितीही फवारा, मेच्या हवेत दोन मिनिटांत ते उडून जाते आणि त्वचा होती त्याहून अधिक ताणल्यासारखी होते.

धानवाल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बांधीत पाणी सोडून भागत नाही, माती ते धरणारी लागते आणि धुरा ते अडवणारा लागतो. मिस्टमधले पाणी म्हणजे नुसती पाळी. ते धरून ठेवण्याचे काम ग्लिसरीन करते. परंतु ग्लिसरीनचीही एक खोड आहे. हवेत ओल असेल तर ते हवेतली ओल ओढते, हवा कोरडी असेल तर त्वचेच्या आतलीच ओल वर ओढून घेते. म्हणून वरून धुरा पाहिजे, म्हणजे तेलाचा, व्हॅसलीनचा किंवा क्रीमचा पातळ थर. जी मैत्रीण दिवसातून दहा वेळा मिस्ट उडवते आणि वर काहीच लावत नाही, ती धुरा फुटलेल्या बांधीत दिवसभर मोट हाकते आहे. (मोट आता कोठे राहिली म्हणा! मोटारपंप म्हणू.)

आमची आजी हिवाळ्यात हातापायांना मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळीचे, तेल लावायची. थंडीत ते थिजून लोण्यासारखे होते. तिला स्निग्ध गाऱ्याचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण धुरा कशाचा घालावा हे ठाऊक होते. गंमत अशी की तेलापासून साबण करताना ग्लिसरीन निघते, आणि मोहाचे तेल साबणासाठी पूर्वीपासून विकले जात आले आहे. म्हणजे आपल्याच झाडाखाली वेचलेली बी कोठल्या तरी कारखान्यातून फिरून, काकडीचे चित्र लावून, आपल्याकडे परत येत नसेलच असे नाही.

बाटली विकतच घ्यायची असेल तर चित्र पाहू नये, मागची बारीक अक्षरे वाचावीत. मला वाटते, पदवीच्या शिक्षणाचा घरी झालेला पहिला उपयोग हाच. घटकांची नावे जास्त प्रमाणापासून कमी प्रमाणाकडे छापलेली असतात. पहिले नाव पाण्याचे असणार, त्यात लबाडी नाही. त्यानंतरच्या तीन-चार नावांत ग्लिसरीन असावे. तेथे अल्कोहोल असेल तर बाटली खाली ठेवावी; ते लवकर उडते, छान गार लागते आणि कातडी अधिक वाळवते. ज्यांच्या त्वचेला चटकन पुरळ येते त्यांनी सुवासिक मिस्टच्या वाटेस जाऊ नये. हायल्युरोनिक आम्ल नावाचे एक द्रव्य हल्ली फार गाजते आहे. तेही ओल धरते, पण आपल्या कामाला ग्लिसरीन पुरेसे आहे आणि औषधांच्या दुकानात ते पुष्कळ स्वस्त मिळते. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत यांपैकी एक जरी गोष्ट छापलेली नसेल तरी ती बाटली फुकटही घेऊ नये.

ही शेवटची अट मी उगाच घालत नाही. आपल्याच विदर्भातील अकोल्याची हकीकत २०२३ साली वृत्तपत्रांत आली होती. एका घरातील आई आणि दोन मुली गोरे होण्याचे एक स्थानिक क्रीम वापरत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. आपल्या प्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालण्यास बंदी आहे; नकळत राहिलेला अंश दहा लाखांत एक भागापेक्षा अधिक असता कामा नये. पण ज्या डबीवर काही छापलेलेच नाही तिला नियम कोण विचारणार? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात प्रसाधनाची जी व्याख्या आहे तीत चोळायच्या, शिंपडायच्या आणि फवारायच्या वस्तू येतात, हेतू मात्र स्वच्छता आणि रूप एवढाच. तेव्हा जी बाटली मुरूम, वांग, गजकर्ण सगळे घालवण्याची हमी देते ती आपली पायरी सोडून बोलते, असे खुशाल समजावे.

किमतीचे काय? शंभर मिलिलिटरची बरी बाटली तीनशे-साडेतीनशे रुपयांना पडते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. एक दिवसभर माती खणून एक बाटली पाणी! फ्रान्समध्ये आवेन नावाचे गाव आहे. तेथल्या झऱ्यावर १७४३ पासून त्वचारोगी लोक स्नानाला येत आले आहेत, आणि आता तेच पाणी नायट्रोजन वायूच्या दाबाने डब्यात भरून जगभर विकले जाते. आपल्याकडे नांदेड जिल्ह्यात किनवटजवळ उनकेश्वरला गरम पाण्याची कुंडे आहेत, तेथेही त्वचेच्या विकारांसाठी लोक जातात. झऱ्याच्या पाण्याने आग-खाज शमत असेल, मी नाकारीत नाही. परंतु कोरड्या गालाच्या दृष्टीने डब्यातले पाणी हेही पाणीच, त्याला धुरा नाही.

गृहअर्थशास्त्र हा माझा विषय असल्यामुळे मी घरी बाटली तयार करते. पाणी चांगले उकळून थंड करायचे, त्यातले साधारण शंभर मिलिलिटर घ्यायचे, त्यात चहाचा एक चमचा ग्लिसरीन घालून हलवायचे, आणि गरम पाण्याने धुतलेल्या फवाऱ्याच्या बाटलीत भरायचे. दोन-तीन दिवसांत संपवायचे, उरले तर झाडाला घालायचे, कारण विकतच्या बाटलीत असते तसे नासण्यापासून राखणारे द्रव्य यात नसते. वास आला नाही म्हणून पाणी चांगले, असे समजू नये. ग्लिसरीन-गुलाबपाण्यात लिंबू पिळण्याची कृती घरोघरी सांगतात, ती मात्र कृपा करून सोडा. लिंबाचा रस लावून उन्हात गेले की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत. आमच्याकडच्या उन्हात तर विचारूच नका.

वापरायचे कसे, तर तोंड साध्या पाण्याने धुवावे, पुसून कोरडेठाक करू नये, वीतभर अंतरावरून डोळे मिटून दोन-तीन वेळा फवारावे, आणि ओले असतानाच वर तेलाचे वा क्रीमचे बोट फिरवावे. ज्यांना मुरूम येतात त्यांनी तेल टाळून हलके लोशन घ्यावे. उन्हात निघताना खरे काम दुपट्टा करतो, मिस्टने ऊन अडत नाही. रोवणीच्या दिवसांत हवाच ओली असते, तेव्हा ही बाटली फळीवर ठेवून द्यावी आणि बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांकडे पाहावे. रात्री पाय धुऊन कोरडे पुसणे हे त्या दिवसांतले सौंदर्यप्रसाधन. आणि कोणाला ऊन लागून चक्कर आली तर तोंडावर मिस्ट उडवीत बसू नये. सावलीत निजवावे, अंग ओल्या कापडाने पुसावे, शुद्धीवर असेल तर पाणी पाजावे आणि दवाखाना गाठावा.

आईने माझ्या बाटलीचे नाव 'फुसफुसी' ठेवले आहे. आधी ती हसली. मग पाने बांधायला बसण्यापूर्वी दोनदा फुसफुस करून वर टोळीचे तेल लावू लागली. गालांच्या भेगा पंधरा-वीस दिवसांत भरल्या. रंग होता तोच आहे, सुरकुत्याही आहेत त्याच. आग होत नाही, एवढेच. शेजारच्या काकू, मामी दुपारी पुडे बांधायला आमच्याच छपरीत येतात आणि आता बाटली फिरते. माझ्या मते यात नखरा तेवढाच आहे, जेवढा बैलाच्या मानेला तेल लावण्यात.

पहिल्या तटाशी माझे भांडण अजून उरले आहे. ज्या मैत्रिणी दिवसभर तोंडावर पाणी उडवतात त्यांपैकी कितीजणी दिवसभरात पाणी पितात? सकाळच्या एसटीने यायचे, दुपार कलल्यावर परत जायचे, आणि मधल्या सहा-सात तासांत एक घोट घ्यायचा नाही, असा आमच्यापैकी पुष्कळजणींचा परिपाठ आहे. कारण सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. प्यायलो तर जायचे कोठे? आई जंगलात आणि बांधीत याच कारणाने पाणी टाळते. मी तिच्यापेक्षा बारा इयत्ता पुढे आले, या बाबतीत मात्र तिच्याच जागी आहे. पाणी प्यायल्याने गाल लगेच तुकतुकीत होतात असे मी म्हणणार नाही, पण न प्यायल्याने डोके दुखते, उन्हाळी लागते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि परीक्षाही नेमक्या उन्हाळ्यातच असतात.

मुलींसाठी केलेली एक जागा मी जवळून ओळखते. नाव घेत नाही. तेथे माठ आहे, त्यावर झाकण आहे, पेलासुद्धा साखळीने बांधलेला आहे. आतल्या दाराची कडी मात्र गेल्या वर्षीच्या पोळ्यापासून तुटलेली आहे. नवी कडी स्क्रूसकट कितीला पडते, ते मी हार्डवेअरच्या दुकानात विचारून आले आहे. साठ रुपये.